माती होऊ घातलेली तिफण

मित्रांनो, मी एक जुनी तिफण आहे. दर्यापूर तालुक्यातल्या एका वावरात, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाखाली मी आडवी पडले आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला फक्त चित्रात पाहिलं असेल. चित्रकारांचं काय सांगावं, कोणी मला दोन दात काढतो, कोणी चार. मला दात तीनच. आजकाल रस्त्यानं जाणारे लोक मला पाहून "हे कशाचं लाकूड पडलंय?" असं विचारतात, तेव्हा माझा पारा चढतो. म्हणून आधी माझी ओळख नीट करून देते.

माझा पाया म्हणजे दिंड, बाभळीचा जाड ठोकळा. त्यात तीन फण ठोकलेले आणि प्रत्येक फणाच्या टोकाला लोखंडी पातं. फणांच्या मागून बांबूच्या तीन नळ्या वर जातात आणि चाड्याला मिळतात. चाडं म्हणजे तळाला तीन भोकं असलेली लाकडी वाटी. पुरुष बैल हाकतो, मागून बाई चालते. ती ओटीतलं बी मुठीत घेते आणि चाड्यात सोडत राहते. बी नळ्यांतून खाली उतरतं आणि ओल्या मातीत जाऊन पडतं. माझं काम एवढंच होतं. पण या एवढ्याशा कामावर घराचं वर्ष अवलंबून असायचं.

मला सूर्यभान सुताराने घडवलं, त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली असतील. नाल्याकाठची बाभूळ देवमननं स्वतः निवडली होती. देवमन माझा मालक. वडिलांच्या वाट्याची चार एकर काळी जमीन त्याच्याकडे नुकतीच आली होती आणि घरात सुंदराबाई नवी नवरी होती. सूर्यभान तासणी चालवायचा आणि देवमन समोर उकिडवा बसून प्रत्येक घाव पाहायचा. शेवटी सूर्यभान वैतागून म्हणाला, "अरे बाप्पा, तिफण करून राहिलो, नवरदेव नाई सजवून राहिलो. जा, च्या घेऊन ये."

पहिल्या वर्षी सुंदराबाईनं चाड्यावर मूठ धरली आणि माझी पार फजिती केली. भीतीनं तिची मूठ घट्ट मिटलेली. कधी बी सुटायचंच नाही, कधी भसकन सुटायचं. ज्वारी उगवली तेव्हा एका जागी गर्दी आणि पुढे हातभर रिकामं. शेजारच्या वावरातले रामराव धुऱ्यावर उभे राहून हसले. "देवमन, तुही ज्वारी तं बाजार भरल्यावानी उभी हाये रे!"

सुंदराबाई त्या दिवशी जेवली नाही. पण बाई जिद्दीची. घरी परातीत वाळू घेऊन ती मूठ सोडायचा सराव करायची. तिसऱ्या वर्षी तिचा हात असा बसला, की माझ्या तिन्ही नळ्यांतून बी सारखं पडू लागलं. मग तेच रामराव रब्बीच्या तोंडावर आमच्या दारात आले. "वहिनी, यंदा आमच्या हरभऱ्याले तुमीच मूठ धरा." तिनं लगेच हो म्हटलं नाही. आधी चहा पाजला, दुसऱ्या गोष्टी काढल्या, मग हो म्हटलं. मीही तेव्हा मनातल्या मनात मिशीला पीळ दिला, मला मिशी नसली तरी.

काय दिवस होते ते! आमच्या या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं. हरभरा जमिनीतल्या ओलीवरच येतो. पावसाळा सरला, की दोन-चार दिवसांत पेरणी उरकावी लागते, नाहीतर ओल हातची जाते. सकाळी दवानं माती थंड असायची. फण आत शिरला, की तिचा वास वर यायचा. त्या वासासाठी मी काहीही दिलं असतं. कडुनिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली असायची आणि तिच्यात देवमन-सुंदराबाईचा नागसेन झोपलेला असायचा. तो रडला, की बैल आपोआप थांबायचे. बैलांना ते कोणी शिकवलं नव्हतं.

नागसेन शिकला, अकोल्याला सरकारी नोकरीत लागला. इकडे गावात ट्रॅक्टरवरचं पेरणी यंत्र आलं. पहिल्या वर्षी मला वाटलं, पाहुणा आहे, जाईल. पाहुणा काही गेला नाही. बैल विकले गेले आणि मला कडुनिंबाला टेकवून ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. पेरणीचा दिवस आला, की यंत्राचा आवाज ऐकून माझे फण आतून शिवशिवायचे.

देवमन पूजा वगैरे करणारा नव्हता. पण मृग लागण्याआधी दर वर्षी तो मला ओल्या फडक्यानं पुसायचा आणि म्हणायचा, "यंदाबी तुले सुट्टीच बरं." ते ऐकून बरंही वाटायचं आणि लागायचंही.

मग एका वर्षी पुसायला तो आला नाही. हिवाळ्यातच तो गेला होता.

त्या उन्हाळ्यात नागसेन जळक्या ऑईलचा डबा घेऊन आला. ट्रॅक्टरचं वापरलेलं काळं तेल लाकडाला चोपडलं, की वाळवी लागत नाही, असं आमच्याकडे सगळेच मानतात. नागसेन रडत रडत मला तेल लावत होता. माझी उजवी बाजू झाली आणि डबा संपला. अकोल्याच्या गाडीची वेळ झाली होती. "बाकीचं पुढच्या खेपेले लावतो," असं आईला सांगून तो गेला. पुढची खेप आली, पण तेल राहून गेलं. माझी उजवी बाजू काळी आणि डावी कोरी राहिली. चाडं तेवढं सुंदराबाईनं घरात नेलं. त्यात ती लसूण ठेवते.

नंतरच्या एका पावसाळ्यात वाऱ्यानं मी आडवी झाले आणि जमिनीला टेकले. तिथून माझं दुसरं आयुष्य सुरू झालं.

आधी डाव्या बाजूच्या भेगांतून पांढरे धागे आत शिरले. केसाहून बारीक. मी घाबरले. वाटलं, आता दुखणार. दुखलं काहीच नाही. इतकी वर्षं घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी सैल होत गेलं, एवढंच. मग पावसाची उघडीप झाली आणि अंगावर पांढऱ्या शिंपल्या फुटल्या, मखमली पाठीच्या. त्यांच्या खालच्या बाजूला पंख्यासारख्या घड्या होत्या. एका फटीतून तपकिरी, मऊ कान निघाले. बुडाशी काळी बोटं उभी राहिली. दर वर्षी आश्विनात हा सगळा परिवार माझ्याकडे मुक्कामाला येऊ लागला. खूप वर्षांनी माझ्याकडे कोणीतरी राहायला येत होतं, आणि मला ते आवडायला लागलं.

सुंदराबाईला मात्र ते बघवेना. शेतकऱ्याच्या घरात बुरशी म्हटलं, की कपाळाला आठी पडते. कपाशीची बोंडं सडवते ती बुरशी, तुरीचं उभं झाड वाळवते ती बुरशी. तिच्या लेखी मला रोग झाला होता.

यंदा तर जास्तच घाई झाली, कारण नागसेनचा फोन आला. अकोल्याला त्यानं नवं घर बांधलं आहे. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, तो पिकअप घेऊन गावी येणार होता आणि मला घेऊन जाणार होता. मला घासून, औषधात भिजवून, व्हार्निश लावून तो फाटकाजवळ उभी करणार होता. वर दिव्यांची माळ. खाली पाटी, "बाबांची तिफण".

सुंदराबाईनं हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी विळा घेऊन ती माझ्याजवळ बसू लागली. माझ्या अंगावरच्या शिंपल्या, कान, बोटं, सगळं खरडून काढायची आणि पुटपुटायची, "पोरगं म्हणीन, बापाची एक वस्तू सांभाळता नाई आली तुले." मला खरडण्याचा राग यायचा आणि तिची कीवही यायची. माझं कोण ऐकणार? आणखी चार दिवसांनी मी या मातीतून उठणार होते आणि फरशीवर उभी राहणार होते. तिथे मी शंभर वर्षं टिकले असते. तिथे माझ्यातून काही उगवलं नसतं.

तेवढ्यात शाळेची मुलं आली.

आमच्या गावच्या शाळेत संध्या मॅडम आहेत. अमरावतीच्या. त्या दर वर्षी पाऊस सरल्यावर मुलांना निसर्गफेरीला काढतात. यंदा विषय होता बुरशी. मुलं वहीत चित्रं काढत, धुऱ्याधुऱ्यानं येत होती. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, कपाशीची पहिली बोंडं फुटलेली. मॅडम मागून सारख्या ओरडत होत्या, "पाहायचं, तोडायचं नाही! तोंडात तर मुळीच घालायचं नाही! घरी गेल्यावर हात धुवा!"

पिंकी नावाची एक चुणचुणीत मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या हातात मॅडमचं भिंग होतं. माझ्याजवळ येऊन ती किंचाळलीच. "मॅडम, इकडे या! इथं तं दुकानच लागलं हाये!"

सुंदराबाई विळा पदराआड लपवायला लागली. तिला वाटलं, मुलं हसतील. "राहू द्या वं बाई," ती मॅडमना म्हणाली. "सडली हाये ते. रोग लागला तिले. साफ करून राहिली मी."

मॅडम माझ्याजवळ बसल्या. त्यांनी खरडायच्या राहिलेल्या एका शिंपलीच्या खाली आरसा धरला आणि मुलांना घड्या दाखवल्या. मग म्हणाल्या, "ही दिसते ना, ती बुरशीचं फळ आहे. झाडाला आंबा लागतो तसं. खरी बुरशी या लाकडाच्या आत आहे, धाग्यांची. ती लाकूड खाते आणि त्याची माती करते. समजा, बुरशी नसती तर? आजपर्यंत जेवढी झाडं मेली, जेवढी पानं गळली, ती सगळी इथंच पडून राहिली असती. आपल्याला पाय ठेवायला जागा उरली नसती."

"अन् मंग पेरलं कुठं असतं?" एका मुलानं विचारलं. चांगला प्रश्न होता. पेरणीचं कोणी बोललं, की माझा जीव निवतो.

पिंकीचं लक्ष मात्र खाली होतं. ती एकदा माझ्या डावीकडे बसली, एकदा उजवीकडे. काडीनं तिनं दोन्हीकडची माती उकरून पाहिली. "आजी," ती म्हणाली, "इकडची माती चहाच्या भुकटीवानी भुसभुशीत हाये. गांडूळबी हाये. अन् तिकडे दगडावानी. गवतबी नाई. काहून?"

सुंदराबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू पहिल्यांदाच पाहते आहे. उजवी बाजू काळी, तेलकट, तशीच्या तशी. तिच्याखाली जमीन भकास. डावी बाजू अर्धी झिजलेली आणि तिच्याखाली हिरवं लुसलुशीत.

"तिकडे आमच्या नागसेननं ऑईल लावलं होतं," ती हळूच म्हणाली. "टिकावी म्हणून."

मॅडमची नजर बाजूला पोत्यावर पसरलेल्या हरभऱ्याकडे गेली. सावलीत सुकायला घातलेलं बियाणं होतं ते, हिरवट भुकटी लावलेलं. "आजी, हरभऱ्याला काय लावलं?"

"ट्रायकोडर्मा. कृषी सहायकानं पुडी देल्ली. गुळाच्या पाण्यात कालवून लावते मी दर साली. मर लागत नाई हरभऱ्याले. लय चांगलं औषध हाये."

"आजी, ती औषधाची भुकटी नाही. ती बुरशीच आहे. जिवंत. ती मुळाशी राहते आणि मर रोगाच्या बुरशीला हुसकावून लावते."

सुंदराबाईनं पदराआडचा विळा काढला, हरभऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती हसायला लागली. पोट धरून हसली. "अवो बाई! म्हणजे एका हातानं मी बुरशी खरडून राहिली, अन् दुसऱ्या हातानं बियाण्याले चोपडून राहिली? इतके सालं!"

मुलंही हसली. पिंकीनं माझं चित्र काढलं, तीन फणांसकट. बरोबर तीन! मग पोरं पुढच्या धुऱ्याकडे पळाली. सुंदराबाई तिथेच बसून राहिली. हसू कधीच विरलं होतं. तिनं डावीकडची मूठभर माती उचलली, हुंगली आणि बराच वेळ ती मूठ उघडली नाही. विळा तिनं घरी नेला आणि पुन्हा आणला नाही.

दसऱ्याला दुपारी नागसेन आला. गावातली बुद्धवंदना आटोपून, पांढऱ्या कपड्यांतच तो वावरात उतरला. मागे पिकअप, गाडीत व्हार्निशचा डबा आणि दोन माणसं. मला पाहून तो जागच्या जागी थांबला. माझ्या अंगावर चार दिवसांच्या ताज्या शिंपल्या होत्या.

"आई, हे काय होऊन बसलं? मी तुले म्हटलं होतं ना, झाकून ठेवजो म्हणून!"

"म्हटलं होतं."

"मंग? बाबाची एवढी एकच वस्तू उरली होती. एकच!" त्याचा आवाज चिरकला. "मी इथं नव्हतो, मले माहीत हाये. बाबा गेला तवाबी मी नव्हतो. निदान हे तरी मले नेऊ दे."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की त्याला तिफण नको होती. ज्या दिवशी तो पोचू शकला नाही, तो दिवस त्याला हवा होता. माझ्याकडे तो कुठला असणार? पण त्याच्यावर मला रागावता येईना. त्याची झोळी मी पाहिलेली होती.

सुंदराबाईनं त्या दोन माणसांना पलीकडच्या धुऱ्यावरच्या माठाकडे पाणी प्यायला पाठवलं. मग लेकाचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि त्याचा हात माझ्या डाव्या कुशीखालच्या मातीत घातला. मनगटापर्यंत. ऑफिसात बसून मऊ झालेला हात. नागसेननं आधी तो मागे ओढला, मग राहू दिला.

"कशी लागते?" तिनं विचारलं.

"थंडी हाये." थोड्या वेळानं तो म्हणाला, "मऊ हाये."

"तुहा बाप जन्मभर या वावरात राहिला. त्याले अकोल्याच्या फाटकाजवळ उभं करशीन तं त्याले करमीन काय?" ती बोलत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सरळ होता. "तो गेला तं एका दिवसात गेला. मले काई समजलं नाई, काई पाहू देल्लं नाई. हे मातर माह्या डोयापुढे हळूहळू माती होऊन राहिली. रोज थोडी. मले भेव नाई वाटत आता. हे मले पाहू दे, नागसेन. हे नेऊ नको."

नागसेननं खिशातला रुमाल काढला आणि डोळे पुसण्याऐवजी माझी उजवी, तेलकट बाजू पुसायला लागला. जोर लावून. वर्षानुवर्षांचं तेल रुमालानं कुठे निघतं? पण तो पुसत राहिला, आणि सुंदराबाईनं त्याला अडवलं नाही. पाणी पिऊन परतलेल्या त्या दोन माणसांनी पिकअपमधून व्हार्निशचा डबा उतरवला नाहीच. उलट त्यांनी मला उचललं, फक्त कूस बदलण्यापुरतं, तेलकट बाजू वर आणि डावी, कोरी बाजू मातीला लागेल अशी. नागसेननं माझ्या बुडाशी ओंजळभर पाचोळा सारला.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी अवजारं शेवटी एकच विनंती करतात, आम्हाला जपा. मीही करते, पण जरा वेगळी. सगळंच जपायचं म्हणजे तेल लावून उभं करायचं नसतं. शेतातल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि पाचोळा काडी लावून मोकळं होऊ नका, थोडं तरी कोपऱ्यात कुजू द्या. वाटेत भुईछत्र दिसलं तर पायानं उडवू नका. बसा, पाहा, वहीत काढा आणि हात धुऊन घरी जा. तिथे कोणीतरी तुमच्यासाठी माती करत बसलेलं असतं. आयुष्यभर मी या मातीत बी टाकलं. आता मी स्वतःला टाकते आहे, आणि आजवरच्या सगळ्या पेरण्यांत ही मला सगळ्यांत प्रिय आहे.

जाताना नागसेन गाडीत बसला, पुन्हा उतरला आणि माझ्याजवळ आला. आईला म्हणाला, "आई, पुढच्या दसऱ्याले येईन, तवा किती उरली असन हे?"

सुंदराबाई माझ्याशेजारी मांडी घालून बसली होती. तिनं माझ्या दिंडावर हात ठेवला, एका पांढऱ्या शिंपलीला धक्का न लावता.

"कमीच उरली पाहिजे," ती म्हणाली.